नवरदेवाची शेवटची फवारणी

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा माझ्या नणंदेच्या नाकात चहा गेला आणि दोष मला आला. ठेवलात? मग ऐका, एका चांगल्या घरचा साखरपुडा मी कसा मोडत आणला ते.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. फळं-भाजी पिकवणाऱ्यांना आपला माल परदेशात कसा पाठवायचा ते शिकवायचं. काढणी कशी करायची, फवारणी कधी थांबवायची, पेटी कशी भरायची. वर्षानुवर्षं हेच बडबडतेय. आता तर मी बाजारात भेंडी निवडायला लागले की नवरा चार पावलं लांब जाऊन उभा राहतो.

तर त्या दिवशी जुन्नरकडचे शेतकरी प्रशिक्षणाला येणार होते. सीवूड्सला गावठाणातल्या एका हॉलचा वरचा मजला आम्ही घेतला होता. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी साखरपुडा. झेंडूच्या माळा, सनई, सगळं. म्हटलं, असू दे, आपल्याला काय!

बसवाला गल्लीबोळांत चुकायला नको म्हणून मी स्वतः कळंबोलीला जाऊन थांबले. ट्रकांच्या धुरात ताटकळल्यावर माणसाला कुठलीही बस आपलीच वाटते हो! एक बस थांबली. आत टोप्या, उपरणी, मिशा. मी दारातून डोकं घातलं.

"सीवूड्सच्या हॉलवर ना?"

"व्हय व्हय! तुम्ही न्यायला आलाय?"

"मग! चला, मीच दाखवते रस्ता."

पुढच्या सीटवरचे भरदार मिशांचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "बघा, केवढी मानाची माणसं! पार हायवेपर्यंत घ्यायला आली."

झाली माझी चौकशी! गाव विचारलं नाही, नाव विचारलं नाही. बसमध्ये पैठण्या नेसलेल्या बायका होत्या. मी मनात म्हटलं, वा, या वेळी महिला शेतकरीसुद्धा! सगळ्यांच्या मांडीवर रंगीत चकचकीत कागदात बांधलेल्या फळांच्या टोपल्या. वा, नमुने आणायला सांगितले होते, आणलेसुद्धा! कोण म्हणतं शेतकरी सूचना वाचत नाहीत?

तुमच्या लक्षात आलंय ना? ती बस फलटणहून खालच्या साखरपुड्याला आलेली होती. मुलाकडची मंडळी! मुलगा, संकेत, आणि मुलगी, प्राजक्ता, तळोजाला एकाच कंपनीत नोकरीला. लग्न त्यांनी आपसांतच ठरवलेलं. दोन्ही घरांनी एकमेकांना मोबाईलच्या पडद्यावरच पाहिलेलं. मुलाला वडील नाहीत, त्यामुळे सगळी सूत्रं त्या मिशीवाल्या मामांच्या हातात. हे सगळं तुम्हाला आत्ता कळतंय. मला कळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हॉलशी आल्यावर मी सगळ्यांना मागच्या जिन्याने घेतलं. शिवाय दम दिला, "खाली कुणाचं तरी कार्य आहे. तिकडे बघायचं नाही. थेट वर चला!" आमचा बॅनरवाला अजून उगवला नव्हता, म्हणून वर नुसता रिकामा हॉल आणि खुर्च्या. तो वेळेवर आला असता तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं.

माझी पद्धत अशी, की आधी स्वच्छतेचं प्रात्यक्षिक. फळ हाताळायचं तर माणूस स्वच्छ पाहिजे.

"हात कोपरापर्यंत धुवा! अंगठ्या, घड्याळं, बांगड्या काढा! मोबाईल या टोपलीत! आणि प्रत्येकाने ही जाळीची टोपी आणि हा एप्रन घालायचा."

"बांगड्यासुद्धा? आज?" एक काकू चाचरत म्हणाल्या.

"आज काय नि उद्या काय! काच फुटून पेटीत पडली तर?"

कुठली पेटी, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. कारण तोवर मामांनी सगळ्यांना कानात सांगून ठेवलं होतं, "मुलीची आत्या दिसतीय. लई कडक हाय. यांच्यात अशीच रीत असंल. शहरातली माणसं हायेत, नावं ठिवायला जागा देऊ नका."

भरजरी शेरवानीवर एप्रन आणि डोक्याला जाळी, असा एक तरुण पुढे बसला होता. तोच संकेत. तो अधूनमधून उठायचा, "मामा, मला वाटतंय की…"

"तू गप रं! तुझ्यापायीच चाललंय हे सगळं."

मग मी नमुन्यांकडे वळले. एक टोपली ओढली, टरकन कागद फाडला. "हे पॅकिंग चालणार नाही. आत घाम धरतो." एक डाळिंब उचललं आणि सुरीने सगळ्यांसमोर सरळ दोन तुकडे! मागून एक आजी कळवळल्या, "अगं बया! वटीचं फळ कापलं!"

मला वाटलं, आजीबाईंचा शेतमालावर फारच जीव आहे. किती ही माया! मी आणखी एक कापलं.

आता प्रश्नोत्तरं. पुढच्या तरुणाकडे बोट केलं. "तुम्ही सांगा. शेवटची फवारणी कधी केली?"

पोरगा लाल झाला. "आत्ताच. गाडीतून उतरायच्या आधी."

"आत्ता? कसली?"

"मित्राने दुबईहून आणलं होतं."

"परदेशी औषध! कुठे कुठे मारलंत?"

"थोडं मानेला. आणि… काखेत."

बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. मी मात्र गंभीर! वाटलं, त्यांच्याकडे वेलाच्या बेचक्याला काख म्हणत असतील. प्रत्येक तालुक्याची भाषा वेगळी. मी म्हटलं, "हेच चुकतं तुमचं! वास आला की तिकडचे लोक संशय घेतात. आणि डाग? एक डाग दिसला की सगळं परत!"

संकेतचा हात एकदम गालावर गेला. त्याच्या डाव्या गालावर चांगली ठसठशीत जन्मखूण आहे. मामा हात जोडून उभे राहिले.

"ताई, त्यो डाग जन्माचा हाय. पोरीनं बघितलाय. तिची काय हरकत न्हाई."

"पोरीला काय कळतंय? तपासणारे वेगळे असतात. भिंग लावून बघतात."

"भिंग?" मामा मटकन खाली बसले.

आता सांगा, यात मला काही विचित्र वाटायला नको होतं का? नाही वाटलं! मी रंगात आले होते. समोर एवढे एकाग्र श्रोते मला आयुष्यात मिळाले नव्हते. कुणी जांभई देत नाही, कुणी तंबाखू मळत नाही, सगळे नुसते टकामका बघतायत!

"एकदा का तपासणी पार पडली," मी म्हटलं, "की पाठवणी! थेट युरोप!"

"आमच्याकडनं पाठवणी?" मामांचा आवाज बारीक झाला.

"मग कुणाकडनं? बंद कंटेनरमध्ये घालायचं, थंडगार ठेवायचं आणि बोटीने धाडायचं. मधे दार उघडायचं नाही."

"आणि तब्येत?"

"उलट टिकते! इथे उघड्यावर ठेवून काय, नासूनच जायचं."

"ताई, एकुलता एक हाय वो त्यो!"

"मग तर मुळीच नको! एकटादुकटा कुणी घेत नाही. मला अख्खा कंटेनर भरायला लागतो."

झालं! मामांनी डोक्याची जाळी ओढून जमिनीवर आपटली. मिशा थरथरत होत्या. "बास! लई ऐकून घेतलं. आमी गरीब असू, पर आमचं पोरगं काय रस्त्यावर पडलेलं न्हाई. उठा रं सगळी! हे लग्न हुणार न्हाई!"

"लग्न?" मी म्हटलं. "कुणाचं लग्न?"

खालच्या सनईचा सूर स्पष्ट ऐकू यायला लागला. हातातली सुरी मी हळूच पाठीमागे लपवली.

तेवढ्यात दार उघडलं. फेटा बांधलेले म्हात्रेशेठ, मुलीचे वडील, इथलेच जुने गाववाले. मागे नटलेली प्राजक्ता.

"अवो, कोन हाय वरती? मुहूर्त टलला, आमचा जावय कुठं हाय?" आणि मग ती जाळीच्या टोप्यांची रांग बघून, "आयला, ऑपरेशन चाललाय का काय हितं?"

संकेतने शाळेतल्यासारखा हात वर केला. "बाबा, मी इकडे आहे."

"तू हितं? मंग खाली पंगतीला बसलीन ती मानसं कोन?"

कोण असणार? माझे जुन्नरचे शेतकरी! त्यांची बस सरळ हॉलच्या दारात गेली होती. म्हात्रेंच्या माणसांनी कुंकू लावून, फूल देऊन आत घेतलं. मुख्य माणूस कुठे, असं विचारलं तर ते म्हणाले, "कळंबोलीला आहेत, येतायत मागून." ते माझ्याबद्दल बोलत होते, म्हात्र्यांना वाटलं नवरदेवाबद्दल!

मी मामांपुढे हात जोडले. "मामा, मी आत्या नाही. मी कुणीच नाही. मी निर्यात शिकवणारी बाई आहे."

"आँ? म्हंजी कंटेनर?"

"द्राक्षांचा."

"आन् डाग?"

"डाळिंबावरचा."

मामांनी कपाळावरचा घाम पुसला, पण राग काही उतरेना. "पर वटीचं फळ कापलं ते? ते तर आमचंच हुतं!"

मला खरंच रडू यायला लागलं. दोन पोरांनी एवढ्या मुश्किलीने घरच्यांना राजी केलं आणि ते मी एका सुरीने… तेवढ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. प्राजक्ता! संकेतची ती जाळी, तो एप्रन बघून ती जी हसत सुटली, ती भिंतीला धरून खालीच बसली. शेवटी म्हात्रेशेठ पुढे झाले. डाळिंबाचं एक अर्धुक मामांच्या हातावर ठेवलं, एक स्वतः घेतलं.

"कापलाच हाय तं खाऊन टाकू, मामा. फल फुकट कशाला घालवाचा?" दाणे तोंडात टाकून म्हणाले, "गोड हाय हो! तुमच्या बागेतला?"

मामांच्या मिशा जरा हलल्या. "सोता लावलीत झाडं," ते म्हणाले. झालं! दोघे व्याही तिथेच उभे राहून डाळिंब खायला लागले.

साखरपुडा झाला, उशिरा पण झाला. संकेतच्या कपाळावर जाळीचा वळ उठलाय, तो प्रत्येक फोटोत दिसतो.

आणि माझे शेतकरी? गरमागरम वडे, खीर, वरून विडा. त्यांच्यातल्या एकाने तर उभं राहून भाषण केलं म्हणे, की शेतकऱ्याचा असा मान आजवर कुणी ठेवला नव्हता. मी त्यांना वर नेलं, पहिलं चित्र दाखवलं आणि मागे वळून बघते तो अर्धे घोरतायत!

पुढच्या आठवड्यात त्यांच्या म्होरक्याचा फोन आला. मला वाटलं, आता तक्रार करणार.

"मॅडम, तुमचं प्रशिक्षण एक नंबर झालं! शेजारच्या गावालाही पाहिजे. अगदी तसंच ठेवा, काही म्हणता काही बदलू नका."

मी फुलून गेले हो! म्हटलं, "खरंच एवढं आवडलं?"

"सगळंच आवडलं. फक्त ते जेवण झाल्यावर मधेच तुम्ही येऊन बोलायला लागलात ना, तेवढं नसलं तरी चालेल."