दुपारची किंकाळी

स्प्रिंगराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सोफे दुरुस्त करता करता त्याचेच गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा समोरच्या लाँड्रीवाल्या मावशींनी ते चिकटवलं. मावशींनी नाव ठेवलं नाही असा माणूस त्या गल्लीत अजून जन्मायचाय.

खाली दुकान, वर घर. दुपारची जेवणं उरकली की वरून त्याच्या बायकोची किंकाळी यायची. चांगली लांबलचक. मावशींनी लगेच गल्लीभर केलं, "गोगलगाय नि पोटात पाय! मारतो हो बायकोला." एकदा तर त्या इस्त्री उगारून जिना चढल्या. बघतात तो वहिनी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या, मांडीवर दाण्यांची वाटी आणि टीव्हीवर कपाटातून एक हिरवट हात बाहेर येतोय. मग मावशी अशा किंचाळल्या, की खाली स्प्रिंगरावाच्या ओठांतले खिळे सांडले.

आता हसण्यावारी नेऊ नका. बायकोला उदासीचा आजार होता. नुसतं वाईट वाटणं नव्हे, उठणं, दात घासणं, 'हो' म्हणणंसुद्धा जड. गोळ्यांनी ती जरा सावरली आणि मग हे भुतांच्या सिनेमांचं वेड लागलं. नणंद फोनवर कडाडली, "आधीच मन नाजूक, त्यात भुतं! फेकून दे तो टीव्ही." स्प्रिंगराव बिचारा बहिणीलाही भ्यायचा नि भुतांनाही. त्यानं गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"कुणाला त्यानं त्रास वाढतो, झोप उडते. कुणाला बरंही वाटतं," बाई म्हणाल्या. "सिनेमाकडे नको, तिच्याकडे लक्ष ठेवा. आणि शंका आली तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही."

बायकोचं म्हणणं वेगळंच. "अहो, त्या भुताला दोन तासांत गाशा गुंडाळावाच लागतो. शिवाय बटण माझ्या हातात. डोक्यातल्याला कुठं आहे बटण?"

तेव्हापासून किंकाळी आली की स्प्रिंगरावाची हातोडी जोरात चालायची. म्हणजे आज ती बरी आहे, असं तो धरून चालायचा.

आणि एका दुपारी किंकाळी आलीच नाही. टीव्हीतलं दार करकरलं, वाद्यांचा आवाज चढत गेला, कुणीतरी पडद्यावर मेलंही. त्यानं हातोडी हवेतच धरली. तिचा मात्र आवाज नाही. झोपली असेल, त्यानं मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कात्री शोधण्याचं निमित्त करून तो वर गेला. कात्री त्याच्या खिशातच होती.

ती टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर भूत अगदी तोंडाशी आलं होतं. तिची पापणी लवली नाही. वाटीतले दाणे तसेच.

"भीती नाही वाटली?"

"कशाची?"

 तो तसाच खाली आला. दारातच मावशी उभ्या. "काय स्प्रिंगराव, वहिनींचा गळा बसला की भुतांशी समेट झाला?"

त्याला हसता येईना. खुर्चीवर ताणलेलं कापड त्यानं वाकडंच ठोकलं, उपटलं, पुन्हा वाकडं ठोकलं. विचारायला हवं. आणि 'हो' म्हणाली तर? उद्या विचारू. उद्यापर्यंत काय होतंय? पण काय होतंय हेच तर ठाऊक नव्हतं. हातातलं टाकून तो जिन्याकडे पळाला.

त्यानं टीव्ही बंद केला. तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"अगं, एक विचारतो. तुला जीव द्यावासा वाटतोय का?"

तिनं दाण्यांची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "हो. तुमच्यामागे कामाची घाई, म्हणून बोलले नाही."

"चुलीत गेलं काम," तो म्हणाला.  तिथूनच त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "तिला एकटं सोडू नका, आत्ताच घेऊन या," बाई म्हणाल्या. तिच्या पायांत चपला त्यानंच सरकवल्या आणि दुकान उघडं टाकून दोघं निघाली.

दवाखान्यात बाकाचं रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आला होता. स्प्रिंगरावाला तो दिसलासुद्धा नाही. त्यानं तिचा हात घट्ट धरला होता. आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

"आत काय सांगू?" तो कुजबुजला.

"तुम्ही सुरुवात करा," ती उठत म्हणाली. "अडलात तर मी सांगेन."