मुरलीधरचा ठिपका

फोन आला तेव्हा जळगावच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी प्रिंटरच्या भावावरून चांगलीच जुंपली होती. पलीकडून मुरलीधरचा धाकटा भाऊ बोलत होता. "दादा सकाळी गेला... हार्ट अटॅक. म्हटलं, तुम्हाला कळवावं." मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून पुढचा जो आकडा निघाला त्याला हो म्हणून टाकलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. तो माणूस उलट घाबरला; यंत्रात काही खोट तर नाही ना, असं दोनदा विचारून गेला. या गोष्टीला आता दीड महिना झाला. मुरलीधरशी मी त्याआधीची सहा-सात वर्षं एक शब्द बोललो नव्हतो.

सोनगीरच्या शाळेत आम्ही एका बाकावर. तो शिकत गेला आणि जळगावात फिजिक्सचा प्राध्यापक झाला. मी टाइपरायटर दुरुस्त करत करत कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत पोचलो. कोणाची शिफारस नाही, कोणाचा हात नाही. कॉलेज सुटलं की तो दुकानात यायचा आणि गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेल्या यंत्रावर बसायचा. तिथेच त्याने तो प्रोग्राम लिहिला. हिरव्या पडद्याच्या मधोमध एक स्थिर धनभार, आणि त्याच्याभोवती फिरणारा ऋणभाराचा एक ठिपका. मधल्या भाराची ओढ ठिपक्याला किती, त्याने वेग किती बदलला, याचा हिशोब करून यंत्र ठिपक्याला एकेक पाऊल पुढे सरकवायचं. "काय शे रे हाई?" मी आमच्या अहिराणीत विचारलं. "मधमा मन्ही बायको, आन हाऊ मी," तो म्हणाला. "फिरत ऱ्हास, सुटता येत नही." त्या मंद यंत्रावर एका फेरीला सहा-सात मिनिटं लागत. ठिपका निघाला त्याच जागी परत येईपर्यंत मुरलीधर हनुवटीखाली हात घेऊन बसून राहायचा.

नव्वदच्या आसपास धुळ्याच्या एका कॉलेजला पाच कॉम्प्युटर घ्यायचे होते. माझी ती पहिली मोठी ऑर्डर. समजावून सांगायला प्राध्यापक बरा म्हणून मी मुरलीधरला नेलं. त्यानेही रजा टाकली. नमुना म्हणून आधीच पाठवलेल्या यंत्रावर त्याचा तो प्रोग्राम लावला; प्राचार्य आणि खरेदी समितीचे तिघे समोर बसले. मुरलीधर फळ्यावर आकृती काढत होता, ठिपका मुंगीच्या चालीने सरकत होता, आणि प्राचार्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पावलाचा आकडा, म्हणजे ठिपका एका दमात किती पुढे जाणार तो, कुठे असतो हे मी रोज बघून शिकलो होतो. हळूच प्रोग्राम थांबवला, पाऊल पन्नासपट मोठं केलं आणि पुन्हा चालू केला. ठिपका पळायला लागला. प्रत्येक फेरी आधीपेक्षा मोठी, जिलेबी पडावी तशी. "वा, ही तर रांगोळीच!" प्राचार्य म्हणाले. मी ऑर्डरचा कागद पुढे सरकवला, त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आणि मुरलीधर फळ्याकडून वळला.

"सर, हे चूक आहे," तो म्हणाला. "दर फेरीला याची ऊर्जा वाढतेय. ती येते कुठून? पाऊल मोठं झालंय, म्हणून खोटं दिसतंय."

"म्हणजे यंत्र खोटं दाखवू शकतं?"

"हो. चालवणाऱ्याने घाई केली तर."

प्राचार्यांनी टोपण लावलं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत मी दम धरला. मग सुटलोच. "कोनले समजनार व्हतं रे?"

"पोऱ्हे ते खोटंच शिकतीन ना भो."

"मन्हा कानमा सांगता उनं नही तुले?"

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. ते मला जास्त झोंबलं. एरंडोलला मी उतरलो आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने घरी आलो. पुढे ऑर्डरी खूप मिळाल्या, धुळ्याच्याही मिळाल्या. पण चार माणसांत माझ्या हाताकडे बोट दाखवलं ते दाखवलंच. कानात सांगायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो.

तेराव्यानंतर मुरलीधरच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्याच्या खोलीत माझ्याकडूनच घेतलेलं जुनं यंत्र होतं, शेजारी छापील कागदांचा गठ्ठा. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, धुळ्याहून आल्यावर महिनाभर ह्यातच होते. म्हणायचे, त्याले घाई शे ना, तर घाईमाबी खरं दखावाले पाहिजे. मग फ्लॉपी घेऊन दुकानात आले होते. तुम्ही गावाला गेला होतात."

मी गावाला गेलो नव्हतो. फळीच्या पार्टिशनमागे बसलो होतो. त्याचा आवाज ओळखला आणि नोकराला हाताने खूण केली... शेठ नाहीत म्हणून सांग.

कागद चाळले. त्याने दोनच ओळींची अदलाबदल केली होती. आधी यंत्र ओढ मोजून जुन्याच वेगाने ठिपका हलवायचं आणि मग वेग बदलायचं. आता आधी वेग बदलत होतं आणि त्या नव्या वेगाने ठिपका हलवत होतं. एक अक्षर वाढवलेलं नव्हतं. पावलाच्या जागी माझाच आकडा, धुळ्याचा. यंत्र लावून पाहिलं. ठिपका पळाला, पण जिलेबी झाली नाही. फेरीमागून फेरी आपल्या कक्षेतच राहिला. मी घड्याळ लावलं. आठ सेकंदांत एक फेरी.

कागदाच्या कडेला त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'फेरी किंचित चपटी येते. चालेल का, त्याला विचारणे.'

एका पैची तडजोड न करणारा माणूस. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि विचारलं, "बंद करायचं का आता?" मी म्हटलं, राहू द्या थोडा वेळ... आणि पेन्सिल शोधून त्याच्या प्रश्नाखाली 'चालेल' असं लिहिलं.