गॅलरीतले दोन हूक

आमच्या फुलपाड्यात कुणाचं ना कुणाचं काहीतरी मोडलेलंच असतं. पाय, खुबा, कंबर. आणि मोडलं की सगळे एकाच घरी धावायचे, तिसऱ्या मजल्यावर तावडेकाकांकडे! त्यामुळे काकांचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर समोरचा म्हणतो, "थांब थांब, आमच्या सासूच्या वेळचा ऐक!" परवा तर एका रिक्षावाल्याने मला ऐकवला. म्हटलं, बाबा रे, मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते, मला काय सांगतोस! पण ऐकला. नवीन होता.

काका आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला द्यायचे. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची. गोडाऊन कुठे? घरच्या गॅलरीत! मदतीला आम्ही दोघं. मी नीलम, शिवणकाम करणारी आणि तोंडाने फटकळ. दुसरा उमेळ्याचा टेम्पोवाला हरेश्वर. पगार नाही, वर काकांची बोलणी खायची.

•

हे सगळं सुरू झालं मृणालच्या पायावरून. मृणाल म्हणजे काकांची एकुलती एक लेक. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर जिन्यात पडली आणि पायाला प्लास्टर. व्हीलचेअर शोधून शोधून मिळेना. काकांनी रोज रजा टाकली आणि शाळेच्या गेटपासून वर्गापर्यंत पोरीला पाठुंगळीला मारून नेलं. एकही पेपर चुकू दिला नाही.

ती लाजेने रडायची. "बाबा, सगळे बघतायत!"

"बघू देत. तू उजळणी कर."

त्याच वर्षी दिवाळीच्या बोनसमधून काकूंसाठी झोपाळा घ्यायचा ठरला होता. सुतार येऊन गॅलरीच्या छताला दोन हूकसुद्धा ठोकून गेला. काका ऐटीत झोपाळा आणायला गेले आणि टेम्पोतून उतरवली काय, तर व्हीलचेअर!

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "झोपाळा आणायला गेला होतात ना?"

"अगं, हेही बसायचंच आहे!"

झोपाळा पुढच्या वर्षी घेऊ म्हणाले. ते पुढचं वर्ष काही येईना. हुकांना कुबड्या लटकायला लागल्या.

•

पुढे मृणालला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांचे गुडघे गेलेले, सोफ्यात बसले तर उठायची पंचाईत. काकांनी तत्परतेने गॅलरीतून कमोडची खुर्ची आणली. झाकण लावलेलं, वर मी शिवलेली फुलाफुलांची उशी. ओळखू येणं शक्य नाही!

व्याही एकदम खूश. "वा! बैठक काय मस्त आहे हो! कुठून घेतलीत?"

काकू डोळे वटारून नको नको म्हणतायत. पण खोटं बोलायचं म्हटलं की काकांची जीभच वळायची नाही. "आवडली? घेऊन जा की! फक्त धुताना खालचं भांडं आधी काढायचं."

काकूंनी कपाळावर हात मारला. मग व्याही असे काही हसले की पोह्यांचा ठसका लागला. लग्न ठरलं. मृणाल अजून सगळ्यांना सांगते, माझं लग्न कमोडवर जमलं.

•

हरेश्वर आमच्यात आला तो शरमेने. त्याच्या बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने वॉकर नेला. बाबा टुणटुणीत बरे झाले, पण वॉकर परत येईना. शेवटी काका मला घेऊन उमेळ्याला गेले. बघतो तर वॉकर वाडीत उभा आणि त्यावर तोंडलीचा वेल चढलेला!

बाबा बिनधास्त. "मी चालतो आता. पन ह्या बिचाऱ्या वेलाला कोन हाय?"

मी तोंड उघडणार, इतक्यात काका खाली वाकले, पानं उचलून नीट बघितली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पेशंट अजून उभा राहत नाही."

तोंडली संपेपर्यंत थांबले हो ते! दर आठवड्याला पिशवीभर तोंडली यायची आणि काकूंची चिडचिड व्हायची. वॉकर आला तेव्हा हरेश्वर खाली मान घालून म्हणाला, "काका, टेम्पो लागला तर सांगा." तेव्हापासून त्याला सुट्टी नाही.

•

वस्तू परत घ्यायचा काकांचा नियम कडक. धुऊन, उन्हात वाळवून आणायची. व्हीलचेअर असेल तर समोर ब्रेक मारून दाखवायचा. ब्रेक लागला नाही तर पुढचा माणूस पडेल ना!

एकदा एक बाई खुर्ची घेऊन आली. काका आनंदाने म्हणाले, "अरे वा! आई चालायला लागल्या वाटतं!"

बाई दारातच खाली बसली. आई आदल्या आठवड्यात गेली होती.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवलं. "यापुढे परत आणणाऱ्याला काही विचारायचं नाही. ब्रेक बघायचा, बसवायचं, चहा द्यायचा. सांगावंसं वाटलं तर माणूस आपणहून सांगतो." मी इतकी बडबडी, पण हा नियम मी एकदाही मोडला नाही.

•

मग काकांचाच आजार निघाला. मोठा होता. पायातलं बळ गेलं. आणि व्हीलचेअरी सगळ्या बाहेर! एक परत आली, तर म्हणतात, "माझ्या आधी दोघं आहेत."

काकू इतक्या वर्षांचं सगळं एकदम बोलल्या. "तुमच्या आधी दोघं, आणि माझ्या आधी अख्खा फुलपाडा!"

 पण काका नंबर लागेपर्यंत भिंत धरूनच चालले. मी रडले, भांडले. काही उपयोग नाही.

शेवटी खुर्ची आली. गॅलरीच्या दारात तिच्यात बसले आणि किती तरी वेळ छताकडे बघत राहिले. मग मला हाक मारली. "नीलम, सोसायटीची खालची खोली मागून घे. सगळं सामान खाली हलवा. उद्याच."

हरेश्वरने घरची फणसाची फळी आणली, साखळ्या आणल्या. हुकांवरच्या कुबड्या उतरल्या आणि झोपाळा चढला. काकू बसेनातच. "आता काय करायचाय!" म्हणत होत्या. बसल्या एकदाच्या, पदर सावरत. काकांनी दोन्ही हातांनी असा जोरात झोका दिला की झोपाळा पुढे आणि काकांची खुर्ची मागे मागे, हॉल ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत!

काकू हसून हसून लाल. "अहो, जगाला सांगता! आधी स्वतःचा ब्रेक मारा!"

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं गॅलरीत असायचे. काकू झोपाळ्यावर, काका शेजारी. पावणेदोन महिने.

•

काकांचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी मी आणि हरेश्वर खालच्या खोलीत बसलो होतो. जिन्यात ठक ठक आवाज आला. काकू घडी केलेली व्हीलचेअर एकेक पायरी टेकवत स्वतः घेऊन आल्या होत्या. धुतलेली, उन्हात वाळवलेली. आमच्यासमोर उघडली आणि ब्रेक मारून दाखवला.

मी वाकून ब्रेक बघितला. लागत होता. हरेश्वरने स्टूल पुढे केलं. मी चहा केला. कोणी काही विचारलं नाही.

काकूंनी चहा सावकाश संपवला, कप विसळून पालथा घातला.

"हरेश्वर, ही वर नेऊन ठेव. इथे ओल आहे, गंज धरेल."

"वर कुठे, काकू?"

"गॅलरीत. झोपाळ्याच्या बाजूला. कुणाला लागली तर सरळ बेल वाजवायला सांगा, मी घरातच असते." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि ठेवशील तेव्हा आठवणीने ब्रेक मार. नाहीतर जाते ती ओट्यापर्यंत."