पत्र्याखाली बसणारीचं मत

कापसाच्या खोलीवर नवे पत्रे टाकायचे ठरले, तेव्हा मी म्हटलं, टाकायचे तर वेचणी सुरू व्हायच्या आत टाका. आदल्या साली ती खोली गळली होती. भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस एका कोपऱ्यात पिवळा पडला, आणि व्यापाऱ्याने नेमका त्याच कोपऱ्यात हात घातला. व्यापाऱ्याचा हात बरोबर तिथेच जातो, काय सांगायचं.

तर अमळनेरहून मिस्त्री आला. त्याचे तीन पत्रे बसवून झाले, तेव्हा मी चहा घेऊन शिडीच्या चार पायऱ्या चढले. बघते तर सगळे स्क्रू पत्र्याच्या नळीत, म्हणजे पाणी वाहतं त्या खोलगटात.

“भाऊ, पाण्याच्या वाटेतच भोकं पाडलीस?”

“अक्का, बठ्ठं बराबर शे, सगळं नीट आहे. रबराचं वायसर आहे ना. नळीत स्क्रू घट्ट बसतो.”

“बसतो. पण उंचवट्यावर मारला तर पाणी त्याच्याकडे जातच नाही. रबर आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांत तडकतं.”

“तुम्ही कधी पत्रे बसवले का?”

“बसवले नाहीत. पत्र्याखाली बसलेय, चाळीस वर्षं.”

आमचे हे खाली उभे होते. त्यांनी त्याच्या बोलण्यालाही मान हलवली, माझ्याही.

मी म्हटलं, वाद नको. तुझा डबा त्या पत्र्यांखाली उघडा ठेव, मी वरून कळशी ओतते.

त्याने आपल्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाला, “डब्यात भरीत आहे, अक्का.”

“मग माझ्या खोलीत काय भुसा येणार आहे?”

त्याने स्क्रू काढले. भोकं बुजवून देतो म्हणाला. म्हटलं, भोक ते भोक. ते तिन्ही पत्रे म्हशीच्या गोठ्यावर गेले. खोलीवरचे बाकीचे सगळे त्याने उंचवट्यावर मारले, रबर चेपणार नाही इतपत आवळून. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू.

माघात अवकाळी आला. खोली आढ्यापर्यंत भरलेली. पाऊस थांबला तशी मी आधी त्या कोपऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. आमचे हे दारातून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

तेवढ्यात मिस्त्रीचाच फोन.

“अक्का, कापूस?”

“कोरडा.”

“आणि म्हैस?”

“थांब,” म्हटलं, “तिला विचारून सांगते.”