दुसऱ्याच्या विषयाचा प्रश्न

आमच्या डहाणूच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या बाई विद्यार्थ्यांना गावात नेत आणि तिथे भूगोलवाल्यांना भूगोलाचा प्रश्न विचारायला बंदी घालत. तो वाणिज्यच्या मुलाने विचारायचा. भूगोलवाल्याने गाणी, इतिहासवाल्याने बाजारभाव, असा त्यांचा कायदा. "आपल्या विषयाचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. मग माणूस ऐकत नाही," असं त्या म्हणत.

मी इतिहासाचा विभागप्रमुख. या प्रकाराला 'आंतरविद्याशाखीय प्रदेश अभ्यास' असं भारदस्त नाव होतं; पाटीवर ते दोन ओळींत बसवावं लागलं. एवढ्या लांब नावाखाली सहसा काही घडत नाही, हा माझा अनुभव. शिवाय आमच्याकडे विभागाविभागांतली हद्द गुजरातच्या हद्दीपेक्षा कडक. ती हद्द निदान एसटी ओलांडते.

तरी बाईंनी एकदा मला झाईला, हद्दीलगतच्या मच्छीमार गावात, नेलंच. तिथे मी एका मासळीवालीला सुक्या बोंबलाचे भाव विचारत बसलो. ती वैतागली.

"मास्तर, घेयाचं तर काय नाय. परीक्षा हाय काय माझी?"

"तुमची नाही, त्यांची," बाई म्हणाल्या.

ती हसली आणि बोलू लागली. नवरा गुजरातच्या बोटीवर खलाशी, मुलगी हद्दीपलीकडे उंबरगावला दिलेली, सुका माल दोन्हीकडे जातो. माझ्या पुस्तकात त्या किनाऱ्यावर फक्त पोर्तुगीज होते.

पुढे विद्यापीठाची समिती आली. अभ्यासक्रम कुठल्या तरी एका विभागाच्या नावावर करा, नाहीतर बंद करा, असं तिचं म्हणणं. प्राचार्यांनी लगेच तोड काढली. "बाई, भूगोलाखाली घ्या. तुम्हीच प्रमुख." ते पद बाईंच्या हक्काचंच होतं.

"इतिहासाखाली टाका," बाई म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो बाई, मला का अडकवताय?"

"भूगोलवाले माझ्या शब्दावर येतात, मी गेल्यावरही येतील. तुम्ही यायचे नाही. आता निदान सहीपुरते तरी याल."

अभ्यासक्रम वाचला. समितीच्या अहवालात बाईंचं नाव कुठेच आलं नाही.

वर्षभराने त्या निवृत्त झाल्या. शाल झाली, नारळ झाला, त्यांच्या शिस्तीवर भाषणं झाली. या अभ्यासक्रमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाई तलासरीजवळच्या आपल्या गावी राहायला गेल्या. रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "सह्या करता करता चुकून गावातही जात जा."

मी जातो. परवा डोंगराकडच्या एका गावात होतो. इतिहासाची एक मुलगी विचारत होती, नागली उतारावर आणि भात खाली असं का. शेतकऱ्याने तिला उत्तर न देता सरळ उतारावर चालत नेलं. भूगोलाचा मुलगा ओट्यावर एका आजींकडून लग्नाचं गाणं शिकत होता; चाल चुकत होती, आजी पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होत्या. तेवढ्यात परतीची एसटी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

मी हातानेच त्याला जायला सांगितलं.