धरणाखालच्या गावची शेवटची लेक

किनुए आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकत्र कामाला होतो. मुळे चिरता चिरता तिने मला हे सांगितलं. किनुएला खोटं बोलणं कधी जमलं नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

तिचं जन्मगाव डोंगरात होतं. आता त्यावर धरणाचं पाणी आहे. महिन्याची झाली तेव्हा घरच्यांनी तिला देवळात नेलं आणि मनगटाला लाल दोरा बांधून गावदेवाच्या ओटीत घातलं. तिच्यानंतर गावात पाळणा हलला नाही. देवाच्या ओटीत तेवढी एकच पोर उरली.

गाव सोडायच्या आदल्या संध्याकाळी तिने देवळात हात जोडले. "देवा, उद्याचा दिवस संपू देऊ नकोस."

सकाळी ट्रक आले. लोणच्याचं पिंप उचलताना त्याचा तळ फुटला आणि आई अंगणातच बसून रडली. शेजारच्या ओतोराबाईंनी ड्रायव्हरला दम दिला, "माझं कपाट पाडलंस, तर तुलाच त्यात कोंबून नेईन." सगळे हसले. दुपारी ट्रक निघाले. खिंडीतला वेशीचा दगड ओलांडला आणि किनुएला आपल्याच अंथरुणात जाग आली.

"ऊठ गं," आई म्हणत होती, "गाद्या गुंडाळायच्यात."

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. ओढ्यात डुंबली, झाडाझाडावरची पर्सिमनं खाल्ली. मग कंटाळली. मग घाबरली. एकटीच खिंड ओलांडून पाहिली, कोळशाच्या भट्टीत लपून राहिली. जाग यायची ती अंथरुणातच. आदल्या दिवशी सोललेला गुडघा सकाळी धड असायचा. आईला सांगितलं, तर आईने कपाळाला हात लावला. "ताप तर नाही. नव्या घरी गेलीस की बरं वाटेल."

शेवटी ती देवळात गेली. पायरीवर गवती इरलं पांघरलेला एक म्हातारा उकिडवा बसला होता. त्याच्या दाढीत शेवाळ होतं. हाच गावदेव, हे तिने लगेच ओळखलं.

"मला कशाला कोंडलंयस?"

"मी? अगं, मीच तुझ्या मनगटाला बांधलेला. तू मागितलंस, मी दिलं. तुला नाही म्हणायची सोय नाही मला."

"तुला कंटाळा नाही येत?"

"येतो की. तीच चिमणी रोज याच पायरीवर घाण करते."

"मग परत घे ना तो वर."

"दिलेलं परत घेता येत नाही, पोरी. तू मला सोडलंस तरच हा दिवस सुटेल. मग मी इथेच राहीन, पाण्याखाली. पुढे तुझ्यामागे कुणी नसेल."

ती तशीच घरी आली. आणखी कितीतरी सकाळी उजाडल्या. आता पिंप फुटलं तरी ती वळूनही बघत नसे. सुरुवातीला ती आईला जवळ घ्यायची. पुढे ते रडणं तिला पंपाच्या खडखडाटासारखं वाटू लागलं.

एकदा आई रडत म्हणू लागली, "माझ्या सासूच्या हातचं पिंप होतं गं..." आणि किनुएने तेच शब्द, तोच हुंदका काढून, तिच्या आधी म्हणून दाखवले.

"थट्टा करतेस माझी?" एवढंच आईने विचारलं.

उद्या आईला यातलं काही आठवणार नव्हतं. किनुएला मात्र आईचा तो चेहरा सोसवेना. ती धावत देवळात गेली.

"देवा, जा तू."

"मी कुठे जाऊ? मी इथलाच," म्हातारा म्हणाला. "तू जा." त्याने इरलं डोक्यावरून ओढून घेतलं.

त्या दुपारी ट्रकने दगड ओलांडला आणि पलीकडचा रस्ता दिसला. आई तिच्याशी बोलत नव्हती. चढावर ओतोराबाईंना ओकारी आली. किनुए त्यांची पाठ चोळत रडत होती आणि ओतोराबाई कण्हत म्हणत होत्या, "ओकतेय मी, आणि रडतेस तू?"

पहिल्याच हिवाळ्यात किनुएला न्यूमोनिया झाला. हात कुणाला जोडायचे ते तिला कळेना. वडिलांनी पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, म्हणून वाचली. पुढे तिने बस कंडक्टरशी लग्न केलं आणि मुलगी झाली. सासूबाई नातीला देवाच्या ओटीत घालायला निघाल्या, तेव्हा किनुए दारात आडवी उभी राहिली.

"तिला कुणाशी बांधायचं नाही," ती म्हणाली.

कारण तिने सांगितलं नाही. सासूबाई वर्षभर तिच्याशी बोलल्या नाहीत.