वाळवंटाला उष्णता विकताना

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, पुण्याचा देशपांडे आणि मी. डबा उघडला की किस्से निघायचेच, कारण आमचा धंदाच विनोदी! जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करणारी यंत्रं विकायची, तीही तेलाच्या देशाला, वाळवंटात! विभागप्रमुख मोरी-सानना, म्हणजे मोरीसाहेबांना, वरून बजावलं होतं, "ही ऑर्डर आली नाही, तर विभाग बंद." म्हणजे माझा व्हिसा आणि मुलीची शाळा, दोन्ही गेलं.

*

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर जपानची अणुवीज बंद झाली आणि ऑफिसात वीजबचत सुरू. एसी नावापुरता. 'ऊर्जेचं भविष्य' हे आमचं पोस्टर अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये! देशपांडे मोबाइलचा टॉर्च मारून म्हणाला, "भविष्य आहे रे, दिसत नाहीये फक्त!"

*

"यंत्रं जपानमध्येच का नाही विकत? इथे पावलोपावली ज्वालामुखी!" मी एकदा मोरी-सानना विचारलं.

ते गेले होते म्हणे, गरम झऱ्यांच्या एका गावात. तिथल्या हॉटेलवाल्यांना भीती, ड्रिलिंग केलं तर झरे आटतील. त्यांनी मोरी-सानना मनसोक्त अंघोळ घातली, जेवू घातलं आणि थेट स्टेशनवर आणून सोडलं.

"मग चर्चा कशी झाली?"

"पाणी उत्तम होतं."

*

तेलाच्या देशातून आमचे गिऱ्हाईक फहादसाहेब आले, तेव्हा देशपांडेने विचारलं, "तुमच्या तेलविहिरी खाली तापत असतील ना?"

"भयंकर! उपकरणं निकामी होतात."

"मग त्या उष्णतेचं करता काय?"

"तक्रार!"

*

मोरी-सान घाम पुसत समजावत होते, की याच उष्णतेवर एसीसुद्धा चालतो. फहादसाहेबांनी एव्हाना कोट काढून ठेवला होता. म्हणाले, "आम्ही सुट्टीभर परदेशात असलो तरी घरचा एसी चालूच!"

"का?"

"सोफा तापतो ना!"

मोरी-सानांचा हातपंखा हवेतच थांबला.

*

शेवटची मीटिंग. सवलतीचंही बोलून झालं, तरी सही होईना. देशपांडेने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

"आमच्याकडे तेल पाण्यासारखं आहे," फहादसाहेब म्हणाले. "ही यंत्रं घेऊन मी वाचवू तरी काय?"

"तेल," मोरी-सान म्हणाले.

"आणि वाचलेलं तेल घेणार कोण?"

मोरी-सानना खोटं बोलता येत नाही. ते उभे राहिले, कमरेत वाकले.

"आम्ही. भूकंपापासून आम्ही तुमच्याच तेल-गॅसवर वीज करतोय."

"अहो, पण तुमच्या पायाखाली तर एवढी उष्णता..."

"हो. आहे."

फहादसाहेबांनी पेन काढलं.